शेपटाकडचा वेग

चाळीस बाईक एका रांगेत चालल्या तर ती रांग किती लांब होते, हा हिशोब राईडची पोस्ट टाकणारा करत नाही आणि त्याखाली अंगठे टेकवणारेही करत नाहीत. तसा तो अवघड नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम १७ मीटर. एक बाईक लेनच्या उजव्या अंगाला, तिच्या मागची डाव्या अंगाला, अशी स्टॅगर्ड रचना. तिरक्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद आणि सरळ पुढच्या गाडीपासून दोन सेकंद अंतर ठेवायचं, असं शिकवतात. चाळीस जणांनी हे इमानदारीत पाळलं तर पहिल्या बाईकपासून शेवटच्या बाईकपर्यंत साडेसहाशे मीटर होतात. एवढी लांब वस्तू ठाण्यातल्या सिग्नलमधून सहसा एका हिरव्यात पार होत नाही. मालगाडी होते, पण तिच्यासाठी फाटक पाडतात.

मी ग्रुपमध्ये बहुतेक वेळा शेवटून दुसरा असतो, स्वीपच्या, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून मागे पडलेल्यांना सांभाळणाऱ्याच्या, पुढे. गाडी जड, गुडघे जुने, घाई कसलीच नाही. पण त्या जागेवरून ग्रुप जसा दिसतो तसा तो लीडला, म्हणजे सगळ्यांत पुढे चालणाऱ्याला, कधीच दिसत नाही. लीडच्या पुढे मोकळा रस्ता असतो आणि आरशात आठ-दहा दिवे. सगळं छान चाललंय असं त्याला वाटतं, आणि त्याच्यापुरतं ते खरंही असतं.

आमचे स्वीप म्हणजे काका. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत आयुष्य काढून रिटायर झालेले. त्यांच्या सॅडल बॅगेत पंक्चर किट, जादा क्लच केबल, काळी टेप, बँडेज आणि कुणीतरी विसरणारच म्हणून हातमोज्यांचा एक जोड असतो. काका बोलतात कमी. एकदा चहाच्या टपरीवर सहज म्हणाले, "पुढचे साठने जातात ना, म्हणून आपल्याला नव्वदने जावं लागतं." सगळे हसले. तो विनोद नव्हता, गणित होतं.

निघाल्या निघाल्या पहिल्याच सिग्नलला शेपूट एक मिनिट अडकलं असं धरा. तेवढ्यात साठने चाललेला लीड एक किलोमीटर पुढे गेला. ते अंतर भरून काढायला शेपटाने ताशी ८० ने चार किलोमीटर जायचं. मध्ये टोलनाका आला, तर डाव्या कडेला दुचाकींसाठी सोडलेली वाळू-ऑइलची चिंचोळी पट्टी आली, तिथे एकामागून एक घुसायचं. परत मिनिट-दोन मिनिटं गेली. आता नव्वद. त्यातून मध्ये कुणी नवखा असला की तो पुढच्याशी अंतर पडलं म्हणून घाबरून पिळतो, मग फार जवळ आलो म्हणून ब्रेक दाबतो, आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्या तालावर नाचतात. लीडने ब्रीफिंगमध्ये साठची मर्यादा सांगितलेली असते, ती तो तंतोतंत पाळतो. आणि ग्रुपमधले सर्वांत कच्चे चालवणारे, कारण ते नेहमी मागे पडतात, सर्वांत जोरात चालवत असतात.

या रबरासारख्या ताणण्या-आखडण्याला रस्त्यावर काही कारणही लागत नाही. जपानी संशोधकांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या, सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना म्हैस. थोड्याच वेळात तिथे ट्रॅफिक जॅम झाला आणि तो जॅम गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिला. प्रत्येक जण पुढच्यापेक्षा जरासा उशिरा आणि जरासा जास्त ब्रेक मारतो, एवढंच कारण. ही चारचाकीत बसलेल्या, दोन्ही पाय सुरक्षित असलेल्या माणसांची गोष्ट. आम्ही तेच नाशिक हायवेला, भिवंडीच्या गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या मधे, रविवारची हौस म्हणून करतो.

बरं, हायवे निवडायला तरी आम्हाला कुठे मुभा आहे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकी चालत नाही, अटल सेतूवर नाही, समृद्धीवरही नाही. दुभाजकाला फट नसलेले, कुणी आडवं येणार नाही असे जे रस्ते आहेत ते आमच्यासाठी बंद. उरतात ते ट्रॅक्टर, दूधवाले, वडाप आणि गुरं यांच्यासोबतचे रस्ते. एकट्या बाईकवाल्याला ते पुरतात. तो बघत बघत जातो.

ग्रुपमधला बघत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. तो पुढच्याचा लाल दिवा बघतो. पुढचा ओव्हरटेक करतो म्हणजे जागा असणार. पुढचा वळणात त्या वेगाने शिरला म्हणजे वळण तेवढंच असणार. मुरबाड सोडून माळशेजकडे चढायला लागलं की हे हमखास दिसतं. पुढचा वीस वर्षं चालवतोय, मागच्याने गेल्या दिवाळीत गाडी घेतलीय, आणि दोघं एकाच वेगाने वळणात. जिथे नजर तिथे गाडी, असं बाईक शिकवणारा प्रत्येक जण सांगतो. नजर पुढच्याच्या नंबरप्लेटवर खिळली असेल तर तो गेला तिकडे आपण. पावसाळ्यात ढग उतरले की कुणीतरी हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावतो, त्याचं बघून सगळे लावतात, आणि मग कोण वळतंय, कोण थांबतंय, कळायला मार्ग राहत नाही.

पण घाटात निदान माणूस घाबरून असतो. आमचा पडला तो सरळ रस्त्यावर, आसनगाव-आटगावच्या पट्ट्यात.

दुभाजकात गाववाल्यांनी ये-जा करायला एक फट ठेवलेली होती. तिथून एक दूधवाला, दोन बाजूंना कॅन लटकावून, निवांत आडवा आला. लीड आणि पुढची फळी त्याच्या आधीच निघून गेलेली. मधल्या फळीतल्या एकाने थोडा वेग कमी केला. त्याच्या मागच्याने थोडा जास्त. त्याच्या मागे कळव्याचा एक मुलगा होता, नवीन दोनशे सीसीवर, त्याने दोन्ही ब्रेक दाबले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, कारण १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. त्याच्या मागे होती त्याआधीची जुनी गाडी. मागचा ड्रम ब्रेक, एबीएस नाही. चाक लॉक झालं, शेपूट डावीकडे घसरलं, आणि गाडी आणि माणूस वेगवेगळ्या दिशांनी रस्त्यावरून गेले. दूधवाला केव्हाच पलीकडच्या बाजूला पोचला होता. त्याला बहुधा अजूनही माहीत नसेल.

कॉलर बोनवर निभावलं. पण मला जे आठवतं ते पडणं नाही, त्यानंतरची दहा मिनिटं. तीसेक माणसं रस्त्यावर. बाईक डाव्या लेनमध्ये वाटेल तशा लावलेल्या, सगळ्यांचे हॅझर्ड लुकलुकतायत. तिघांनी १०८ ला फोन लावला आणि तिघांनी तीन ठिकाणं सांगितली: एक म्हणाला शहापूरच्या पुढे, एक म्हणाला आटगावच्या अलीकडे, तिसऱ्याने कसारा सांगितलं कारण जायचं तिथे होतं. दोघं व्हिडिओ काढत होते. एकाने पाण्याची बाटली तोंडाला लावली, दुसरा हेल्मेटचा पट्टा सोडायला गेला. काका मागून आले ते ओरडतच. "हेल्मेटला हात लावू नका रे! मान हलवू नका! पाणी नको!" मग त्यांनी जे केलं ते माझ्या डोक्यात तेव्हा आलं नव्हतं. पडलेल्याकडे न बघता त्यांनी आधी आम्हा सगळ्यांना रेलिंगच्या पलीकडे हाकललं. एकाला पळत जाऊन किलोमीटरचा दगड वाचून यायला सांगितलं आणि फोन करायचं काम एकाच माणसाकडे दिलं. एका ट्रकच्या क्लीनरने तोवर मागे शंभर पावलांवर निलगिरीची फांदी तोडून टाकली होती. आमच्या चाळीस जणांकडे मिळून काही लाखांचे जॅकेट, इंटरकॉम आणि कॅमेरे होते. मागच्या गाड्यांना सावध करायला रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण एकाकडेही नव्हता.

लीडला हे सगळं कळलं तेव्हा तो खर्डीला चहा सांगून बसला होता.

संध्याकाळी व्हॉट्सअपवर निकाल लागला: पडलेल्याने अंतर ठेवायला हवं होतं. बरोबर आहे. पण ज्याने कधी मोठ्या ग्रुपच्या मध्यभागी चालवलंय त्याला या वाक्यावर हसू येईल. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं की त्यात एक इको व्हॅन घुसते. तुम्ही तिच्यापासून परत अंतर घेता, तर त्यात एक ॲक्टिवा. परत मागे. असं तीनदा झालं की उजवीकडून मार्शल, म्हणजे रांग सांभाळायला नेमलेला आमच्यातलाच एक, येतो, हात पुढे करकरून सांगतो, "गॅप भर, गॅप भर!" सकाळी ब्रीफिंगमध्ये त्यानेच अंतराचं सांगितलेलं असतं. त्याचीही चूक म्हणवत नाही. रांग तुटली तर अर्धा ग्रुप राजनोलीला कल्याणकडे वळणार आणि अर्धा वडप्याकडे जाणार, ही त्याची धास्ती. ग्रुप टिकवायचा तर अंतर मरतं, अंतर राखायचं तर ग्रुप तुटतो. पाच जणांत हा पेच पडत नाही. चाळीस जणांत तो सुटत नाही, कितीही चांगली माणसं असली तरी.

मार्शल हा एक वेगळाच प्रकार आहे. फ्लोरोसंट जॅकेट अंगात गेलं की चांगला शहाणा माणूस चौकात बाईक आडवी लावून एसटी थांबवतो. का, तर आमची रांग लाल सिग्नलमधून अखंड जावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, धोकादायक वाहन चालवण्यात, स्पष्टपणे मोडतं. चाळीस जणांनी ओळीने तोडला तर ते काही मिरवणुकीचं परमिट होत नाही. त्या एसटीत बसलेल्यांना आम्ही कसे दिसत असू, याचा विचार मी शेपटाकडून करतो, कारण शिव्या तिथेच पोचतात. मुरबाड रोडसारख्या दुहेरी रस्त्यावर तर मागचा गाडीवाला साडेसहाशे मीटर एका दमात ओव्हरटेक करूच शकत नाही. तो दोन-तीन बाईक मागे टाकतो, समोरून ट्रक आला की आमच्या मधे घुसतो, परत बाहेर निघतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हॉर्नवर हात ठेवला असता.

घरचे लोक या सगळ्यात शिरत नाहीत. ते आकडा वाचतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे. त्यात ग्रुपने जाणारे किती, असा रकाना अहवालात नाही. बायकोच्या दृष्टीने त्याची गरजही नाही.

आणि वैताग? धोक्याबद्दल लोक निदान बोलतात, वैतागाबद्दल कुणी बोलत नाही, कारण सगळे मजा करायला आलेले असतात. "पहाटे ५, माजिवडा पुलाखाली, टाकी फुल" असा मेसेज असतो. पाच म्हणजे पावणेसहा. टाकी फुल म्हणजे बारा-पंधरा जण पंपावर. वायरच्या स्पोकचं चाक असलेल्या कुणाची तरी ट्यूब पंक्चर होणार, आणि ट्यूबलेसवाले उभे राहून त्याला सल्ले देणार. मिसळीच्या ठिकाणी पहिल्या दहांचं खाऊन झालेलं असतं तेव्हा शेवटच्यांना तर्री संपल्याचं कळतं. मग ड्रोन. मग बॅनर. बॅनर उलटा. एवढं सगळं होईतो ऊन चढतं, आणि पहाटे मोकळा असणारा रस्ता नेमका परतीला भरतो. मी हे गमतीने लिहितोय, पण यातला प्रत्येक उशीर पुढच्या टप्प्यात वेग होऊन बाहेर येतो. साडेदहाला परत घरी पोचायचं असं सांगून निघालेला माणूस साडेअकराला अजून शहापुरात असेल, तर तो साठने चालवणार नाही.

मोठा समूह शिस्तीत हलवणं आपल्याला जमत नाही असं मात्र म्हणता येत नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखीकडे बघा. एवढी लाखांची वारी, पण ती एक रांग नसतेच. रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीचा वीणेकरी वेगळा, जेवणाचा ट्रक वेगळा. माणूस वारीत चालत नाही, आपल्या दिंडीत चालतो. आणि मुक्कामाला समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंच करतो तेव्हा सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तिचं ऐकून घेतल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आमच्या ग्रुपमध्ये शेवटच्याने पहिल्याला थांबवायचं कसं, याला उत्तर नाही. हॉर्न ऐकू जात नाही, इंटरकॉमची रेंज तिथवर पोचत नाही, आणि फोन तो चहा पिताना बघतो.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. पाच-पाचच्या तुकड्या करा, दहा-दहा मिनिटांनी सोडा, भेटायची जागा आणि वेळ आधी ठरवा, मध्ये कुणी कुणाची वाट बघायची नाही. किंवा वळणावर थांबायची पद्धत: वळण आलं की लीडच्या मागचा पहिला गडी तिथे थांबतो, सगळ्यांना वाट दाखवतो आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे लागतो. यात पुढच्याचा दिवा नजरेत ठेवायची गरजच उरत नाही. सरळ जात राहायचं, माणूस दिसेल तिथे वळायचं. आम्ही दोन्ही करून बघितलं. दोन्ही चालतं. आणि दोन्ही बंद पडलं, कारण तिसऱ्या तुकडीत जायला कुणी तयार नसतं आणि तुकड्यांनी गेलं की फोटोत चाळीस बाईक एका रांगेत येत नाहीत. ठाणेकरांना शोभायात्रेची सवय. गुढीपाडव्याला नऊवारी आणि फेट्यात बुलेटवर निघालेल्या बायका बघायला मीही रस्त्याच्या कडेला उभा राहतो. ती यात्रा पायी चालण्याच्या वेगाने जाते, तिथे ते शोभतं. तीच शोभायात्रा ताशी ऐंशीने कसाऱ्याकडे काढली की तिचं काहीतरी वेगळं होतं.

म्हणून आता आम्ही चौघं जातो. काका, मी, आणखी दोघं. नऊला पडघ्याच्या पुढे ठरलेल्या ढाब्यावर, ज्याला जसं जमेल तसं. हे मी ग्रुपच्या बैठकीत, वरचे सगळे हिशोब मांडून, सांगितलं. माना डोलल्या. मग ऐरोलीची एक बाई बोलली. बँकेत आहे, चाळिशी ओलांडलेली, आमच्याकडे आली तेव्हा स्कूटर होती, आता साडेतीनशे सीसी झोकात चालवते.

"दादा, तुमचं गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मी आले तेव्हा तुमच्या चौघांत मला घेतलं असतं का?"

मी खरं ते सांगितलं. घेतलं नसतं. स्कूटरवाल्या नवख्या बाईसाठी कोण आपला रविवार थांबून थांबून काढणार?

"आणि घरून? चार अनोळखी पुरुषांबरोबर जाते म्हटलं असतं तर सासूबाईंनी चावी लपवली असती. चाळीस जण आहेत, त्यात बायका आहेत, बॅनर आहे, टी-शर्ट आहे, म्हटल्यावर म्हणाल्या, जा."

यावर मला बोलता येईना. रस्त्यावर जो आकडा जिवावर बेततो, त्याच आकड्याने तिचं घराचं दार उघडलं होतं. कळव्याच्या त्या मुलाचंही तेच असणार. पहिल्यांदा घाट चढणाऱ्या बहुतेकांचं तेच असतं; चौघांच्या टोळ्या ओळखीतून होतात आणि ओळखी होतात या गर्दीत.

"चाळीसांचे आठ करा की," ती म्हणाली. "पण चाळीस येऊ द्या."

आठ तुकड्यांना आठ लीड आणि आठ स्वीप कुठून आणायचे, ते मात्र तिने माझ्यावर सोडलं. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, स्वीप मी तयार करतो, वर्षभर लागेल. लीडची चिंता करू नकोस, त्याला आजच अठ्ठावीस जण तयार आहेत.